निघताना तोंडातून गेलं ते

पनवेल, मंगळवार, फेब्रुवारी २००९

अजून कान गरम आहेत. असं कसं बोललो मी?

द्रोणागिरीच्या गोदामातल्या ऑफिसात लागून दोन महिने झाले. पदवीवाला मी एकटाच, म्हणून शेजारच्या टेबलावरचे रतनदादा मला 'साहेब' म्हणतात. जेवायला मात्र कोणी हाक मारत नाही. दादांची आई काल गेली, तेही मला आज रिकाम्या खुर्च्या बघून शिपायाकडून कळलं. सगळे कोनला, दादांच्या गावी, गेले होते. मला सांगावंसं कोणालाच वाटलं नाही?

संध्याकाळी एकटाच त्यांच्या घरी गेलो. ऑफिसातले सगळे ओटीवर बसले होते. ऑफिसातल्याच म्हात्रेताईंनी सरकून जागा दिली. थोडा वेळ बसलो. आणि उठताना, सवयीनं, "येतो हं!" सुतकाच्या घरातून 'येतो' म्हणायचं नसतं, मुकाट्यानं निघायचं असतं, हे काय मला माहीत नव्हतं? सगळ्यांच्या माना खाली. म्हात्रेताईंनी तर डोळेच मिटले.

रतनदादांनी तेवढी मान वर केली. "ये बाबा," म्हणाले. "उद्याच ये. घरात चूल बंद हाय. आज म्हात्रेताईंनी जेवण आणलं, उद्याचं तू आण."

'येतो' म्हणालो, आणि 'ये' म्हणाले. वाटभर तेच डोक्यात.

घरी येऊन आईला सांगितलं, उद्या पिठलं-भात करून दे, न्यायचाय. तिनं विचारलं, "माणसं किती आहेत त्यांच्या घरी?"

दोन महिने शेजारी बसतोय. मला सांगता आलं नाही.