दोडक्याची फुलं

वाशीम, श्रावणातला बुधवार

गच्चीवरच्या दोडक्याची फुलं आजही गळाली. मादीफुलाखाली बोटभर दोडकं असतं, तेच पिवळं पडून झडतं. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी येणार तरी कुठून? शेवटी संध्याकाळी गच्चीवरूनच धनजला राहणाऱ्या ताईला फोन लावला. आई गेल्यापासून आम्ही बहिणी फारशा बोललोच नाही. का, कुणास ठाऊक. भांडण तर नव्हतं.

"आज माही आठवण काहून आली वं?" ताई म्हणाली. मी फुलांचं सांगितलं.

"नराचं फूल तोड, पाकळ्या काढ, अन् त्याचा पराग मादीफुलाले लाव. आई लावे तसं."

आई लावे तसं. मी विसरलेच होते. दिवेलागणीला, दोडक्याची फुलं उमलायच्या वेळी, आई आम्हाला मांडवाखाली न्यायची. दोघींच्या हातात एकेक नरफूल द्यायची. "हळूच लावा वं." जेवायला बसलो तरी बोटं पिवळीच.

फोन कानाला धरूनच मी एका फुलाला पराग लावला. ताई तिकडून विचारत होती, "लागला का?" माझी बोटं पिवळी झाली होती. मग किती वेळ आईबद्दलच बोलत राहिलो.

ठेवताना ताई म्हणाली, "फळ धरलं की फोन कर." मग म्हणाली, "नाही धरलं तरी कर."