तुम्ही फार छान जाता

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायला गेलो होतो, पण या खोलीत आडवं झालं की पाय दाराबाहेर जातात आणि येणारेजाणारे अडखळतात. तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून त्याला शिव्या देतेस, की आता तुमचं जमलं? कोपऱ्यावरच्या शिंप्याशी तुझं भांडण चालू असेलच. ते मिटलं असं कळलं तर मला काळजी वाटेल.

माझी तब्येत उत्तम. मी निघालो त्या दिवशी मागे कडी लागल्याचा आवाज आला, तो मी ऐकला. त्याबद्दल काही विचारायला हे पत्र नाही. "जायचं तर जा" असं तू म्हणालीस, मी निघालो, इथवर हिशेब चोख आहे. खांद्यावर गादीची वळकटी असल्यामुळे माझी मान घराच्या बाजूला वळत नव्हती, एवढं फक्त कानावर घालतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा असा की मला नोकरी लागली. बसली आहेस ना? विद्यापीठात लागली. शाळेच्या वर्गापेक्षा शाळेच्या कुंपणावर जास्त रमलेला तुझा भाचा आज संशोधनात आहे. जपानचा समाज, जपानचं राजकारण आणि जपानचा सांस्कृतिक इतिहास यांचा इथे एक विभाग आहे, तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून. तिथे मी पडद्याचा दांडा बसवायला गेलो होतो, कारण तेव्हा मी पडद्यांच्या दुकानात होतो. (त्याआधी छत्र्यांच्या दुकानात होतो. मी विकतो कमी आणि उघडून बघतो जास्त, असं मालकाचं म्हणणं पडलं. आता छत्री उघडल्याशिवाय ती मिटते की नाही हे कसं कळणार? पण जाऊ दे.) दांडा बसवला, शिडी उचलली आणि निघालो, तर मागून एका बाईंचा आवाज आला, "थांबा! नाही, थांबू नका. तसेच जा." मी गेलो. "आता परत या, आणि पुन्हा जा." पुन्हा गेलो. असं बराच वेळ झाल्यावर त्या बाई, म्हणजे सांस्कृतिक इतिहासाच्या प्राध्यापकबाई, अगदी मनापासून म्हणाल्या, "तुम्ही फार छान जाता."

आत्या, आजवर माझ्यातला एकही गुण कोणाच्या नजरेस पडला नव्हता. पडला तो पाठमोरा.

बाई निरोपावर पुस्तक लिहितायत. त्या सांगतात, की पाहुणा निघाला की त्याला दारापर्यंत पोचवून लगेच आत वळायचं नाही, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत हात हलवत उभं राहायचं, अशी जपानमध्ये जुनी रीत आहे. जाणाराही वळणाशी पोचला की एकदा मागे बघून वाकतो, कारण मागे कोणीतरी उभं आहे हे त्याने गृहीत धरलेलं असतं. (गृहीत! मी हा शब्द बाईंना दोनदा विचारून घेतला.) बाईंनी यावरची चित्रं जमवली, प्रवाशांची जुनी वर्णनं वाचली, पण उभं राहणाऱ्याचा हात कधी दुखायला लागतो हे काही त्यात सापडेना. म्हणून त्यांना एक जाणारा हवा होता. मी रोज फाटकापासून वळणापर्यंत जायचो आणि सगळा विभाग पायरीवर उभा राहून हात हलवायचा. शेजारच्या खोलीतले राजकारणवाले सर म्हणायचे, यात संस्कृती कसली, आधी कोण आत जातो ते बघा, वरचा कोण आणि खालचा कोण ते तिथेच कळतं. मग त्यांचा आणि बाईंचा वाद जुंपायचा आणि मी वळणावर वाकलेलाच राहायचो. एकदा मागे वळायचं विसरून मी तसाच बाजारात गेलो. परत आलो तर बाई अजून पायरीवर, लाल डोळ्यांनी. रागावल्या असतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही उभे राहा, मी जाते." आणि गेल्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जाणं फार सोपं आहे. उभं राहायला बरंच काही लागतं.

आता खरी फजिती ऐक. बाईंच्या गुरू जपानहून आल्या. अगदी म्हाताऱ्या, कागदासारख्या हलक्या. तरुणपणी बाई त्यांच्या हाताखाली शिकल्या. या वयात त्यांचा हा शेवटचा प्रवास, हे दोघींना ठाऊक होतं आणि दोघी हवेबद्दल बोलत होत्या. आल्या त्या दिवशी टॅक्सीतून उतरल्या आणि दार उघडंच टाकून पुढे गेल्या. टॅक्सीवाला कुरकुरला, "दार काय आपोआप लागणार?" बाईंनी त्याला सांगितलं, की जपानमध्ये टॅक्सीचं दार आपोआपच लागतं. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. दार मी लावलं.

निघायच्या दिवशी तोच टॅक्सीवाला आला. आम्ही सगळे ठरल्याप्रमाणे पायरीवर. टॅक्सी निघाली आणि वळणाच्या अलीकडे थांबली. पुढे नळाच्या कामाला रस्ता खणलेला आणि त्यात एक ट्रक फसलेला. म्हणजे गुरू दिसतायत, तेव्हा आम्हाला आत जाता येईना. आम्ही उभे आहोत म्हणून गुरू टॅक्सीतून उतरल्या आणि वाकल्या. त्या वाकल्या म्हणून आम्ही वाकलो. आम्ही वाकलो म्हणून त्यांना बसता येईना. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. ट्रक निघाला, रस्ता मोकळा झाला, तरी वाकणं थांबेना. राजकारणवाले सर वाकल्या वाकल्या कण्हत म्हणाले, "आधी कोण आत जाणार ते ठरवा, माझी कंबर गेली!" कोणी हलेना. टॅक्सीवाला ओरडला, "अरे, विमान काय तुमच्या काकाचं आहे?"

मग मलाच सुचलं. (सुचतं ग मला, वेळेवर सुचत नाही एवढंच.) ज्या पांढऱ्या पडद्यावर बाई चित्रं दाखवतात तो मी काढून पळत नेला. एक टोक टॅक्सीवाल्याच्या हातात दिलं, एक मी धरलं, आणि रस्त्यावर आडवा ताणला. झालं, गुरू दिसेनाशा! पायरीवरचे सगळे सुटकेचा श्वास टाकून आत गेले, सर सगळ्यात आधी.

मी मात्र पडद्याच्या कडेला होतो आत्या, मला दोन्हीकडचं दिसत होतं. बाई आत गेल्या नव्हत्या. काही दिसत नसताना पडद्याकडे बघत उभ्या होत्या, हात वर तसाच. आणि पडद्यापलीकडे गुरूही बसल्या नव्हत्या. कोऱ्या कापडाकडे बघून एकदा वाकल्या, अगदी सावकाश, आणि मग स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. टॅक्सीवाल्याने कापड माझ्या हातात दिलं आणि तो गाडीत बसला. बाईंनी पुस्तकातलं 'दिसेनासे होईपर्यंत' खोडलं आहे. त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचत नाहीये.

असो. बाकी क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
भोवरा

ता. क. कडीबद्दल विचारणार नव्हतो. पण ती तू आतून लावलीस की बाहेरून? आवाज दोन्हीचा सारखाच येतो, मी इथल्या दारावर लावून पाहिलं. बाहेरून लावली असशील तर तू वळणापर्यंत मागे आली असशील, आणि तुझ्या गुडघ्याला ते झेपलं नसणार.

ता. क. दुसरा. पुढच्या आठवड्यात येतोय. राहायला नाही, फक्त पुन्हा एकदा नीट निघायला. तू दारात उभी राहा, मी वळणाशी मागे बघेन. एकदाच बघायचं असतं.

ता. क. तिसरा. गादी सोबत आणतोय. कोपऱ्यातली माझी जागा झाडून ठेव.