टोपीतला चेंडू

झावळ्यांचा रविवार, दुपार

प्रिय कोर्नेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवलं नसशील, एवढ्या भरवशावर लिहायला बसले आहे. लिंझचा पत्ता तुझ्या आईने दिला. देताना म्हणाली, "पाठव हो, ओटिल्का, पण त्याच्या उत्तराकडे डोळे लावून बसू नकोस." मी म्हटलं, हर्मिना, डोळे लावायला काही खर्च येत नाही, लावीन. तर ती हसली. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघी चर्चच्या पायऱ्यांवर हसलो.

आज, ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिस्सेत विलोच्या डहाळ्यांवर आशीर्वाद झाला. एक डहाळी घरी क्रुसामागे खोवली आणि एक तुझ्या बाबांच्या कबरीवर ठेवून आले. कबर नीट आहे. हर्मिनाचे गुडघे दुखतात म्हणून यंदा झुडुपं मीच छाटली. शेजारच्या लोकांनी प्लॅस्टिकची फुलं आणून ठेवली आहेत, वाऱ्याने ती वेंडेलिनच्या दगडावर येतात आणि मी ती परत त्यांच्या जागी ठेवते. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "राहू दे, माझ्याकडे आलेलं मी कधी जाऊ दिलंय का?"

तुझं फरशांचं काम चांगलं चाललंय असं कळलं. सांधा सरळ आणि माप चोख, म्हणून लोक तुलाच बोलावतात म्हणे. ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे सगळं तसंच आहे. चेरीला कळ्या धरल्या आहेत. उपवासकाळ म्हणून कोबीचं सार आणि खसखशीच्या शेवया आलटून पालटून होतात, आणि तुझे ब्लाझेयकाका यंदा कुरकुर करत नाहीत. एरवी दुसऱ्याच आठवड्यात म्हणायचे, "ओटिल्का, येशूने चाळीस दिवस उपास केला, पण त्याला कुणी रोज कोबी वाढला नव्हता." यंदा समोर येईल ते गुपचूप खातात. शरद ऋतूपासून घसा बसला आहे. कांद्याचा रस मधात घालून दिला, लिंडनच्या फुलांचा काढा दिला, मानेला चरबी लावून फडकं बांधलं. घर फार शांत झालं आहे. या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आत्ता कळलं.

तू लहान होतास, तुला त्यांचा खरा आवाज आठवत नसेल. मैदानावर ते ओरडले की गिरणीपलीकडे कपडे वाळत घालताना मला ऐकू यायचं. काका लिबेरो, म्हणजे बचावातले सगळ्यात मागचे. पुढे सगळा संघ, मागे फक्त तुझे बाबा, आणि त्यांच्यामागे जाळी. काका पुढच्या नऊ जणांना शिव्या घालायचे आणि तुझे बाबा मागून काकांना. "ब्लाझेय, डावीकडे! अरे डावीकडे, ज्या हातात लग्नाची अंगठी नाही त्या हाताकडे!" मग गावातल्या बायका माझ्याकडे बघून खिदळायच्या. पुढे दोघेही शहरातल्या क्लबात गेले, दोघे देशाकडूनही खेळले, मोठमोठ्या स्टेडियममध्ये लाखभर लोकांच्या गलक्यात उभे राहिले. पण घरी आल्यावर काका सांगायचे, "मला तिथे फक्त वेंडेलिन ऐकू येतो. तो माझ्या मानेमागचा डोळा आहे. मी मागे बघतच नाही, बघायची गरजच नाही." हे वाक्य तेव्हा मला प्रेमाचं वाटायचं. आता त्याचा विचार करते तेव्हा वाटतं, माणसाला मागे वळून बघायची सवय एकदा गेली की गेलीच.

टोपीची गोष्ट तुला पाठ असेल, तरी लिहिते. गिरणीकडच्या गोलात उभं राहिलं की दुपारचं ऊन डोळ्यांत येतं, म्हणून तुझे बाबा ती तपकिरी कॉर्डुरॉयची टोपी घालायचे. शेजारच्या गावाशी सामना होता. ते टोपी काढून कपाळ पुसत होते आणि तेवढ्यात कुणीतरी अर्ध्या मैदानावरून उगाच चेंडू उडवला. यांनी टोपी पोटाशी धरली आणि चेंडू झेलला, जशी बाई झाडाखाली सफरचंद ॲप्रनमध्ये झेलते तसा! पंचाला कळेना काय करावं. काका त्याला म्हणाले, "लिहून घ्या, टोपीला बारावा खेळाडू म्हणून." त्या दिवसापासून गावात कुणाच्या हातून काही पडलं की लोक म्हणायचे, वेंडेलिनची टोपी आणा.

तुझ्या बाप्तिस्म्याला मी तुला धरलं होतं आणि काकांनी मेणबत्ती. फादरांनी विचारलं, या बाळाचा सांभाळ कराल ना, तर चर्चमध्ये हळू बोलायचं असतं हे विसरून काका मैदानातल्यासारखे "हो!" म्हणाले आणि तू रडायला लागलास. आम्हाला मूलबाळ नाही. तो 'हो' काकांनी वरवरचा म्हटला नव्हता, एवढं तू माझ्याकडून खरं धर.

खेळ संपल्यावर काका वर्तमानपत्रात लिहू लागले आणि मग टीव्हीवर बोलू लागले. त्यांची रीत तुला माहीत आहे. शाळेतल्यासारखे गुण द्यायचे, एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे नापास. पाच द्यायला त्यांचा हात कधी कचरला नाही. खेळाडूला पाच, प्रशिक्षकाला पाच, महासंघाच्या अध्यक्षांच्या भाषणालाही पाच. लोक त्यांना रस्त्यात थांबवून हात मिळवायचे, "ब्लाझेयदादा, तुम्ही एकटेच खरं बोलता!" आणि ज्यांना पाच मिळायचे ते दुसऱ्या फुटपाथवर जायचे. एकदा सकाळी उठून बघतो तर फाटकासमोर शेणखताचा ढीग. काका चिडले. मी म्हटलं, चांगलं कुजलेलं आहे, आणि ते स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना घातलं. त्या उन्हाळ्यासारखी स्ट्रॉबेरी पुन्हा झाली नाही. तेव्हा तुझे बाबा होते. दर सोमवारी यायचे, बाकावर बसायचे, आलुबुखाराच्या दारूचा एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "काल त्या पोराबद्दल जास्त बोललास. डावीकडे सरक जरा." आणि काका पुढच्या आठवड्यात सरकायचे.

मग तुझे बाबा लाकडं फोडता फोडता गेले. अंत्यविधीनंतर हर्मिनाने ती टोपी काकांच्या हातात दिली. ती आमच्या दाराच्या खुंटीवर आहे. सोमवारी कुणी यायचं राहिलं आणि काकांच्या मागे ओरडणारं कुणी उरलं नाही. मी होते, पण मी मॅट्रिक झालेली, घरखर्चाचा हिशेब ठेवणारी बाई. फुटबॉलमध्ये माझं कोण ऐकणार? "तू शेवया बघ, ओटिल्का." मी शेवया बघितल्या.

तू देशाच्या संघात निवडला गेलास तेव्हा काका बागेत जाऊन रडले होते. तुला हे कुणी सांगितलं नसेल. पण आपला देश केवढासा, सगळे सगळ्यांचे ओळखीचे. कुणालाही काही मिळालं की पहिला प्रश्न, कुणाच्या ओळखीने? आठवड्याभरात वर्तमानपत्राला पत्रं आली. ब्लाझेयदादा सगळ्यांना पाच देतात, आता धर्मपुत्राला काय देतात ते बघू. बेकरीत एक जण माझ्यासमोर म्हणाला, "गोलात उभं राहायला आता बाप्तिस्म्याचा दाखला लागतो वाटतं." मी घरी येऊन हे सांगितलं नाही, पण त्यांच्या कानावर होतंच. सगळ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या ओळखीने साधं सिमेंटचं पोतं घेतलं नव्हतं. तो डाग त्यांना सहन होईना.

आणि मग ती फ्री किक. समोर उभ्या केलेल्या खेळाडूंच्या भिंतीच्या कडेने चेंडू आत गेला, आपण हरलो. स्टुडिओत चित्र थांबवून, काठीने तुझ्याभोवती वर्तुळ काढून काका म्हणाले ते तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. "हा बसस्टॉपवर उभा आहे की गोलात? याच्या बापाने हा चेंडू टोपीत धरला असता." शेजारी बसलेला तो निवेदक खो खो हसला. दुसऱ्या कुणा पोराबद्दल ते असं बोलले नसते, चूक झाली म्हणून पुढे गेले असते. तू आपला, म्हणून काठी जोरात बसली. लोकांना दाखवायचं होतं की माझ्याकडे आपला-परका नाही.

पुढच्या सामन्याला तुझ्या गोलावर टोप्या पडल्या. उन्हाळ्याच्या, लोकरीच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या. तू एकेक उचलून जाळीमागे ठेवत होतास, शांतपणे, आणि लोक टाळ्या वाजवत होते. काकांनी टीव्ही बंद केला. ते म्हणाले, "दोन आठवड्यांत विसरतील." वसंतात तू हातमोजे टाकून, देश सोडून लिंझला गेलास.

ईस्टरच्या सोमवारी तू लहानपणापासून सगळ्यांच्या आधी यायचास, अत्तराच्या पाण्याची बाटली घेऊन. मला भिजवायचास आणि रंगवलेलं अंडं घेऊन पळायचास. तू मोठा झालास, ओठावर मिशी फुटली, तरी यायचास. त्या वर्षी मी अंडं रंगवून ठेवलं, कांद्याच्या सालीच्या रंगाचं, आणि संध्याकाळी कोरड्या कपड्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून दर वर्षी एक रंगवते.

आता जे सांगायचं ते. त्या सामन्याची आणखी एक फिल्म होती. गोलामागच्या जागेत बसलेल्या एका गृहस्थाने घरगुती कॅमेऱ्यावर काढलेली. त्याने ती पुष्कळ उशिरा काकांना दाखवली. मीही बघितली. मागून बघितलं की सगळं वेगळंच दिसतं, कोर्नेल. तू हाताने सांगतो आहेस, ओरडतो आहेस, भिंतीतल्या शेवटच्या माणसाला म्हणतो आहेस, सरक, सरक. तो ऐकत नाही. आणि लाथ बसल्यावर तोच माणूस तोंड फिरवून बाजूला होतो. चेंडू त्याच्या जागेतून येतो. तुला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. तुझ्या बाबांनाही तो धरता आला नसता, टोपीत काय, मासे धरायच्या जाळ्यातही नाही. काकांनी ती फिल्म पुन्हा पुन्हा लावली. "ओटिल्का," म्हणाले, "मागून कुणी बघितलंच नाही." मी म्हटलं, मग सांगा लोकांना. म्हणाले, "पुन्हा त्याचं नाव काढू? पुन्हा टोप्या? तो कुठेतरी शांतपणे जगतो आहे." ते खरं होतं, आणि थोडं भित्रेपणाचंही होतं. या दोन गोष्टी त्यांच्यात इतक्या मिसळल्या आहेत की मलाही वेगळ्या करता येत नाहीत. त्यात वर्षं गेली.

घसा बसला आहे असं वर लिहिलं. तो बसलेला नाही, बाळा. आत गाठ आहे. ईस्टरनंतरच्या मंगळवारी शस्त्रक्रिया आहे, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. सगळा. मी आयुष्यभर सुतळीचे तुकडे आणि मेणबत्तीची बुडं जपून ठेवली आणि हे शब्दांची उधळण करत राहिले. आता तेच शब्द वाचवतात. मीठ हवं असलं तर बोट दाखवतात. मला कळेना कशासाठी. परवा लाकडाच्या खोपटातून आवाज आला म्हणून गेले. पाठ दाराकडे, वेंडेलिनची टोपी हातात, आणि करवतीसारख्या आवाजात तेच तेच म्हणत होते, "गोलरक्षकाची चूक नव्हती. चूक माझी होती. तो ओरडत होता, मी बघितलं नाही." टीव्हीवाल्यांनी ईस्टरच्या रविवारी निरोपाला बोलावलं आहे. जे सगळ्या देशासमोर बोलले ते सगळ्या देशासमोर मागे घ्यायचं आहे, पण तुला विचारल्याशिवाय तुझं नाव तोंडात घेणार नाहीत. आणि तुला विचारायची छाती नाही. फोन उचलतात, आकडे फिरवतात, ठेवून देतात. "पोराला वाटेल, कुणी दारुडा घोगरतोय." मी लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. तू नको म्हणालास तर ते गप्प राहतील आणि ते वाक्य तसंच घशात घेऊन दवाखान्यात जातील. तो तुझा हक्क आहे आणि मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. पण हो म्हणायचं असलं तर पत्र नको लिहूस, ते वेळेवर पोचणार नाही. येशूच्या मरणाच्या शोकात गुरुवारी चर्चच्या घंटा बांधतील आणि शनिवारी रात्री ग्लोरियाच्या स्तोत्राला पुन्हा सोडतील. त्या सुटायच्या आधी फोन कर, किंवा ये. संध्याकाळी ते चेरीखाली बसतात, तोंड रस्त्याकडे, पाठ बागेच्या मागच्या फाटकाकडे. ते फाटक मी उघडं ठेवते आहे. बाबांसारखी तिथूनच एकदा हाक मार. ते वळतील.

तुझीच,
तुला बाप्तिस्म्याला हातात धरलेली,
ओटिलिया मावशी