नववा प्रश्न

१४ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

आम्ही मजेत. तुझी भावजय गुडघ्यांवर नाराज आहे, पण माझ्यावर त्याहून जास्त, तेव्हा गुडघ्यांचं ठीक चाललंय म्हणायचं. तू कशी आहेस हे इथे रीत म्हणून विचारत नाही. ते पुढे विचारणार आहे.

आधी माझी फजिती ऐक. आमच्या समुपदेशन केंद्रात वर्षभरापूर्वी एक कागद आला. नऊ प्रश्न: झोप, भूक, उदासी असलं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जितकी जास्त तितका माणूस खचलेला. दर भेटीआधी बाहेरच्या बाकावर बसून भरायचा. मी शिकाऊ मंडळींना सांगायचो, कागद काय बघता, माणूस बघा. वीस वर्षं चेहरे वाचतोय, मला काय बेरजा शिकवता? आणि कागद न वाचताच खणात ढकलायचो.

माझ्याकडे एक शिंपी यायचे. बोलायला बहारदार. म्हणाले, गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढतं आणि कपडा घट्ट झाला की शिव्या मला. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. शिकाऊ वर्गात त्यांचंच उदाहरण देऊन सांगितलं, बघा, माणूस कसा सुधारतो.

वर्गात एक बाई आहेत, पूर्वी पंधरा वर्षं नर्स होत्या. ताप मोजल्याशिवाय गोळी दिलेली त्यांना चालत नाही, म्हणून मी त्यांना पाराबाई म्हणतो. त्यांनी माझ्या खणातले शिंप्यांचे सहा कागद काढून टेबलावर ओळीनं मांडले. नऊ, आठ, दहा, तेरा, पंधरा, सतरा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे आधी शून्य होतं. मग एक. शेवटच्या कागदावर दोन.

पाराबाई एवढंच म्हणाल्या, "सर, यांनी तुम्हाला सहा आठवडे सांगितलंय."

आम्ही लगेच फोन केला. शिंपी दुकानातच होते, तासाभरात आले. मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही इतकं मनापासून हसता, तुमचा मूड कशाला घालवायचा? आणि कागदावर लिहिलं होतं की."

आता ते बरे आहेत असं म्हणणार नाही, ती सवय मोडली. औषधं चालू आहेत, घरच्यांना सगळं माहीत आहे, गेल्या खेपेला बेरीज अकरा होती. कागद दोघांच्या मध्ये ठेवून पहिली दहा मिनिटं त्यावरच बोलतो. वर्गातही आता तेच शिकवतो, आणि पाराबाई पहिल्या बाकावर बसून माझ्यावर नजर ठेवतात.

हे सगळं तुला का सांगतोय, ते तुला कळलंय. लहानपणापासून माझ्या आधी तुलाच कळतं.

भाऊजींना जाऊन आठ महिने झाले. दर रविवारी मी फोन करतो, दोन विनोद सांगतो, तू हसतेस, आणि मी फोन ठेवून बायकोला सांगतो, ताई सावरली. गेल्या रविवारी माझा विनोद संपायच्या आधीच तू हसलीस. आणि काल तुझी लेक इकडे आली तेव्हा सांगत होती, आई दुपारी दोनपर्यंत पडदे उघडत नाही, चहा-बिस्किटांवर आहे.

फोनवर विचारलं असतं तर तू टोलवलं असतंस, म्हणून लिहितोय. पत्र तिच्याच हाती पाठवतोय. तू वाचून होईपर्यंत ती शेजारी बसेल, आणि आज रात्री राहीलही. तिला हाकलू नकोस.

कागद पाठवत नाही. भावानं बहिणीला गुण द्यायचे नसतात, त्यासाठी चांगली माणसं आहेत, मी तुला घेऊन जाईन. पण नववा प्रश्न मलाच विचारू दे.

ताई, जगणं नकोसं वाटतं का तुला?

खरं असेल ते सांग. उत्तर काहीही असलं तरी मी मोडून पडणार नाही, फक्त माझं मन राखू नकोस. ते तू चाळीस वर्षं राखलंस, पुरे झालं. मी उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. त्याआधी जड वाटलं तर लेकीला सांग, मला उठव, कितीही वाजले असोत.

एकही विनोद न घेता येणारा,
तुझा धाकटा