कडूबाईचा कावळा कोणत्या पक्षाचा

मु. बोरसेवाडी, ता. पाथर्डी
माघ वद्य पंचमी, सन १९७३

माझ्या पाठच्या भावाला, गहिनीनाथाला, थोरल्या रतनबाईचा पोटभर आशीर्वाद (पोटभर म्हणावं असं सध्या तेवढंच उरलं आहे). तुझे गुडघे कसे आहेत? भावजयीचा दमा? सोनईला पाटाचं पाणी आलं असं ऐकते तेव्हा जीव थंड होतो, आणि थोडा जळतोही. आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडतो, तिथे वाटतात ती सुकडी खातो, बरे आहोत. अक्षर नातसुनेचं, पुष्पावतीचं, बोलणं माझं.

शेजारची कडूबाई गेली. खडीवर माझ्या शेजारी बसायची ती. मागे राहिला एक पुतण्या, रंगनाथ, आणि एक गाभण गाय. रंगनाथाने तिसऱ्याच दिवशी गाय बाजारात न्यायची भाषा केली. असल्या दुष्काळात बाजारातून गाय पुढे कुठे जाते, ते तुला सांगायला नको. तेव्हापासून मला घास गोड लागेना.

पण गावाला गायीचं कुठलं? गावात नगरहून दोन पेपर येतात, एक सत्तेवरच्यांचा, एक विरोधातल्यांचा. पहिल्यात आलं, कडूबाई म्हातारपणाने गेली. दुसऱ्यात आलं, भूकबळी. मग दोन्हीकडची माणसं माझ्या ओट्यावर. एक म्हणे, "आजी, सांजच्याला भाकर खाल्ली हुती ना तिनं?" दुसरा म्हणे, "आजी, तीन दिस पोटात कायबी नव्हतं ना?" मी दोघांना एकच सांगितलं, "अर्धी तिनं खाल्ली, अर्धी गायीला घातली. रोजचंच हुतं तिचं." एकाने खाल्लेली अर्धी छापली, दुसऱ्याने न खाल्लेली. गाय कुणीच छापली नाही.

दहाव्याला दोन्ही पुढारी जातीने हजर. नदी कोरडी, म्हणून विधीला टँकरचं एक घागर पाणी. पिंड मांडला, तर कावळा येईना. (येणार कसा? सगळे खडी केंद्रावर, सांडलेल्या सुकडीपाशी.) अर्ध्या तासाने एक आला आणि लांब धोंड्यावर बसून राहिला. पिंडाला शिवेना. म्हणजे कडूबाईची इच्छा राहिली, हे पोराटोरांनाही कळतं. सत्तेवरचे पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "कडूबाई, तलावाचं काम फुडल्या महिन्यात सुरू करतो." कावळ्याने पाठ फिरवली. विरोधातले पुढे झाले, "मावशे, तुझ्या मरणाचा जाब इधानसभेत इचारू." कावळा दोन उड्या मागे सरला. रंगनाथ वर्षश्राद्धाचं बोलला, कावळ्याने ऐकलंसुद्धा नाही.

मग त्या दोघांचीच जुंपली. सत्तेवरचे म्हणाले, "बघा, कावळा पिंडाकडं ढुंकून बघत न्हाई. आमच्या तालुक्यात कावळाबी उपाशी न्हाई!" दुसरे म्हणाले, "उपाशी न्हाई? उडून यायला अर्धा तास लागला त्येला. अंगात ताकद हाय का?" सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मी पिंडापाशी गेले आणि हळूच म्हटलं, "कडे, तुझी गाय बाजारात जायची न्हाई. माझ्या भावाकडं सोनईला जाईल." आणि कावळा शिवला.

दुसऱ्या दिवशी पेपर आले. एकात, तलावाचं आश्वासन मिळताच कावळा शिवला. दुसऱ्यात, जाब विचारण्याची घोषणा होताच शिवला. पुष्पावतीने दोन्ही वाचून दाखवले. मी म्हटलं, कडूबाईला जिवंतपणी कुणी एवढं विचारलं असतं तर? असो. एक बरं झालं. गायीचं बोलले तेव्हाच कावळा शिवला, हे मी रंगनाथाला सांगितलं. तो पुढाऱ्यांना भीत नाही, पण मेलेल्या चुलतीला भितो. दावं त्याने मुकाट माझ्या हातात दिलं.

तुझी प्रकृती जप. भावजयीला आशीर्वाद.

तुझी थोरली,
रतनबाई (अंगठा)

ता. क. : तुझं नाव तुला न विचारता घेतलं, ते पोटात घाल. नाही म्हणायचं असेल तर आता उपयोग नाही. नातू गोरक्षनाथ काल सकाळीच गाय घेऊन पायी निघाला आहे. पत्राच्या आधी तोच पोचेल.

आणखी ता. क. : तुला खोटं सांगितलं असं नको. मला चार हातांपलीकडचं दिसत नाही, हे तुला माहीत आहे. कावळा कुठे बसला, कसा मागे सरला, ते पुष्पावती माझ्या कानात सांगत होती. पिंडापाशी काहीतरी काळं हललं, एवढंच मला कळलं. कावळा शिवला असं ओरडली ती पुष्पावती. बाकी साऱ्यांच्या माना पुढाऱ्यांकडे होत्या. आणि त्या गायीला रोज हात फिरवल्याशिवाय पुष्पावतीला करमत नव्हतं. आत्ता मी तिला विचारलं, "खरं सांग गं, शिवला का?" तर लिहिता लिहिता खाली मान घालून म्हणते, "आजी, शिवला आसंल की." म्हणजे आमच्या ओट्यावरही एक पेपर निघतो म्हणायचा. रंगनाथाला यातलं काही कळू देऊ नकोस. कावळ्याचं काय ते कडूबाईला माहीत. गाय मात्र खरी आहे. दारात आली की आधी तिला पाणी दाखव, मग मला शिव्या दे.