नातीची वार परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नमुना-कोठार विभाग,
हिवाळी धूर व गर्भवती पोषण संशोधन प्रकल्प,
उलानबातर.

विषय : माझी दिवंगत सून होंगोरझुल हिची, व तितकीच माझी नात त्सेल्मेग हिची, प्रसूतीनंतर आपल्या प्रकल्पाने नेलेली वार पुरण्यासाठी परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे, जी एकमेकांशी जुळत नाहीत.

महोदय,

१. मी, दा. यान्जमा, वय एकसष्ट, रेल्वेच्या उपाहारगृहातून स्वयंपाकीण म्हणून निवृत्त, शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर पाण्याच्या टपरीमागील गल्लीत लोकरी नमद्याच्या घरात राहते. माझा मुलगा गानपुरेव कोळशाच्या खाणीवर असतो. ज्या कोळशाच्या धुराचा आपण अभ्यास करता तो कोळसा त्याच्यासारखेच लोक काढतात. त्याची बायको होंगोरझुल गेल्या वर्षीच्या जानेवारीत बाळंतपणात वारली. तिची मुलगी त्सेल्मेग आता चालते, पडते, पुन्हा उठते. हा माझा चौथा अर्ज आहे. पहिले तिन्ही अर्ज मी फार नम्रपणे लिहिले होते व त्यांचा काही उपयोग झाला नाही. तरी याही अर्जात नम्र राहण्याचा प्रयत्न करीत आहे.

२. आपल्या प्रकल्पाची पाहणी करणारी मुलगी अर्युना प्रथम आमच्या घरी आली तेव्हा होंगोरझुलला चौथा महिना होता. अर्युना स्वभावाने चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तिने चहा घेतला व समजावून सांगितले, "आजी, लोखंडाला गंज चढतो ना, तसा धुरानं माणसालाही आतून चढतो. पोटुशी बाईला जास्त. बाळाच्या वारेलासुद्धा. आम्ही तो गंज मोजतो, आणि चांगलंचुंगलं खाऊ घालून तो उतरतो का ते बघतो." मी म्हटले, "पोरी, गंज मोजत बसण्यापेक्षा आम्हाला बिनधुराची चूल द्या की." ती हसली. म्हणाली, "ते दुसऱ्या खात्याचं काम, आजी." होंगोरझुलने सही केली. मी मागाहून रागावले तेव्हा ती म्हणाली, "आई, एवढी शिकलेली मुलगी बर्फातून टेकडी चढून आली, तिला नाही कसं म्हणायचं? उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकराला उपयोग होईल." तिला दरमहा जीवनसत्त्वांची व आंबट नारिंगी रानफळांची भुकटी मिळू लागली.

३. त्याबदली अर्युना दरमहा तिचे रक्त नेत असे. डिसेंबरात होंगोरझुलचे डोके दुखू लागले. महोदय, आमच्या टेकडीवर डिसेंबरात कोणाचे डोके दुखत नाही ते सांगावे. सकाळी सगळ्या चुली पेटल्या की समोरचे घर दिसत नाही. माझे दुखते, शेजारच्या दावाजावचे दुखते, त्याच्या कुत्र्याचेही दुखत असावे. ती म्हणाली, "आई, डोकं फुटतंय." मी म्हटले, "धूर आहे गं. ओला फडका बांध." अर्युनाच्या कागदावरही डोकेदुखीच्या पुढे 'धूर' असेच लिहिले गेले. मग पाय सुजले, तोंड सुजले. जानेवारीच्या भेटीत अर्युनाने रक्त घेतले, परंतु रक्तदाब मोजला नाही, कारण तिला दिलेल्या पेटीत ते यंत्रच नव्हते. "रक्तदाब दवाखान्यात बघतात आजी, आमच्याकडे नाही. उद्याच दाखवून या," असे ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मला बरा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्यासाठी होंगोरझुल बूट घालू लागली. सुजेमुळे तिचे बूट चढेनात, म्हणून मी माझे दिले. एक पायात गेला आणि तिला झटके आले.

४. रुग्णवाहिका बर्फामुळे टेकडी चढू शकली नाही. दावाजावने त्याच्या कोळशाच्या ट्रकातून आम्हाला नेले. डॉक्टरांनी पोट फाडून मुलीला काढले, मुलगी जगली. होंगोरझुल शुद्धीवर आली नाही. मी बाहेरच्या बाकावर वार ठेवायची लाकडी पेटी आणि ती गुंडाळायचा निळा खादग मांडीवर घेऊन बसले होते. हे रेशमी वस्त्र तिनेच महिनाभर आधी आणून ठेवले होते. परिचारिका बाहेर आली तेव्हा मी वार मागितली. ती म्हणाली, "संशोधनवाल्यांची गाडी घेऊन गेली, आजी. बर्फाच्या पेटीतून. त्यांना ताजी लागते." आम्हाला न्यायला गाडी येऊ शकली नव्हती. वारेला न्यायला आली, वेळेवर आली, याची आपल्या दप्तरी चांगली नोंद असेल.

५. तोन्तो म्हणजे काय हे याच मातीत जन्मलेल्या अधिकाऱ्याला मी सांगणे बरे दिसत नाही. परंतु आपल्या दुसऱ्या पत्रात 'कथित प्रथा' असा शब्द आला आहे, म्हणून लिहिते. मूल जन्मले की त्याची वार घरच्या जमिनीत पुरतात. पुढे घर उचलून कोठेही नेले तरी ती जागा त्या माणसाची तोन्तो राहते. माझी वार नदीकाठच्या एका टेकाडाखाली आहे. साठी झाल्यावर मी तेथे गेले, दूध शिंपडले आणि भर दुपारी जमिनीवर घोड्यासारखी लोळले. बरोबरचे नातेवाईक हसले. उठले तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते, निदान त्या दिवसापुरते तरी. आपणही आपल्या तोन्तोवर कधी लोळला असाल. नसल्यास एकदा जाऊन यावे, अशी माझी वयाने मोठी म्हणून सूचना आहे. त्सेल्मेगला अशी जागा नाही. आई नाही, बाप खाणीवर, आजी पिकले पान. उद्या आभाळ कोसळले तर ही पोर जाऊन पडणार कोठे? मला दुसरे काहीही नको आहे. नुकसानभरपाई मी मागितलेली नाही, मागणारही नाही.

६. आपल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की, सर्व नमुन्यांवरून नावे काढून क्रमांक दिले असल्याने कोणती वार कोणाची हे आपल्या कार्यालयाला माहीत नाही, आणि माहीत असणे नियमबाह्य आहे. बरे. दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की, नमुना परत मागण्याचा हक्क फक्त सही करणाऱ्या महिलेचा असून ती केव्हाही, कोणतेही कारण न देता, माघार घेऊ शकते. इथेच घोडे पेंड खाते. मी ते पत्र घेऊन आपल्या खिडकीवर आले. तेथील कारकून म्हणाला, "बाई, त्यांनी जिवंतपणी एक ओळ लिहून दिली असती ना, तर लगेच काम झालं असतं." मी म्हटले, "तिला झटके येत होते, बाळा." तो म्हणाला, "ते खरं आहे हो. पण मी तरी काय करू?" त्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली, हे त्याच्या बाजूने नमूद करते. परंतु महोदय, वार फक्त आईची नसते. नाळेचे दुसरे टोक माझ्या नातीच्या बेंबीला होते. तिच्या वतीने कोणी सही केली, हे मी तिन्ही वेळा विचारले आहे व तिन्ही वेळा आपण ताकास तूर लागू दिलेली नाही.

७. तिसऱ्या पत्रात मात्र आपण कळवले की, सदर महिलेच्या रक्ततपासणीवरून तिने भुकटी नेमून दिल्याप्रमाणे घेतली नसल्याचे सिद्ध झाले आहे, म्हणून तिची वार अभ्यासातून वगळण्यात आली आहे. म्हणजे कोणती वार कोणाची हे आपणांस माहीत आहे. असो. भुकटीचे काय झाले ते मलाही त्या पत्रानंतरच उमगले. मी शेजारच्या बायकांना विचारले, तेव्हा दावाजावच्या बायकोने सांगितले, "अहो, ती रोज सकाळी चहाच्या पातेल्यात टाकायची. म्हणायची, घरात सासू खोकतेय आणि मी एकटीनं कसं खाऊ, घास उतरत नाही." महोदय, आपण टेकडीवरच्या बाईला खाऊ दिलात आणि ती तो एकटी खाईल असे धरून चाललात. आपल्या स्वतःच्या घरी कोणी असे खाते काय? चहा झाला की पहिली पळी आभाळाला जाते, दुसरी घरातल्या मोठ्याला, मग नवऱ्याला, मग आल्यागेल्याला, आणि उरेल ते सुनेला. त्या हिवाळ्यात आपल्या भुकटीचा पहिला घोट रोज आभाळाने घेतला. आभाळाचा गंज उतरल्याचे दिसत नाही. दुसरा घोट मी घेतला. कित्येक वर्षांत प्रथमच मला त्या हिवाळ्यात खोकला झाला नाही, आणि मी शेजारणींना सांगत सुटले होते की यंदा हवा जरा बरी आहे. ते आठवले की आता मला चहा जात नाही. ही गोष्ट आपल्या संशोधनात कोठे बसत असल्यास लिहून घ्यावी.

८. वगळलेली वार आपल्या काही उपयोगाची नाही, तर ती परत द्यावी, असे मला वाटले. त्यावर आपल्या त्याच पत्रात कळवले आहे की, वगळलेले नमुनेही दहा वर्षे सांभाळणे बंधनकारक आहे. तसेच ती वार आता अखंड नाही. तिचे लहान लहान तुकडे करून नळ्यांत भरले आहेत, काही तपासणीत वापरून संपले, काही समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेला पाठवले, आणि उरलेले आपल्या तळमजल्यावरील गोठवणीच्या कपाटात आहेत. हे वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. मी रोज सकाळी चहाची पहिली पळी चारी दिशांना शिंपडते. आता ती कोणत्या दिशेला शिंपडावी ते मला कळत नाही. ज्या परदेशी गावी माझ्या नातीचे तुकडे गेले, ते गाव आमच्या टेकडीवरून कोणत्या बाजूला येते, हे कळवण्यात आपल्या कोणत्याही नियमाचा भंग होईल असे मला वाटत नाही.

९. अर्युना मला मागच्या महिन्यात बाजारात भेटली. तिने प्रकल्प सोडला आहे. ती मला पाहून रडली आणि म्हणाली, "आजी, ते कपाट मी पाहिलंय. त्याला वेगळं जनित्र आहे, शहराची वीज गेली तरी ते बंद पडत नाही. तिथं काही खराब होत नाही." तिने धीर देण्यासाठीच सांगितले. आमच्या गल्लीत त्या डिसेंबरात कितीदा वीज गेली आणि अंगाची काहिली होत असतानाही घर गार पडू नये म्हणून होंगोरझुल कोळशाच्या चुलीशी कशी बसून असे, ते मी तिला सांगितले नाही. पोरीने आधीच पुष्कळ सोसले आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते हे खरे, पण तिचेही थोडे जळले असावे.

१०. हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, खणता येत नाही. आता बर्फ वितळले आहे व पुढचे काही महिने जमीन मऊ राहील. माझ्या घरात चुलीच्या उत्तरेला मी जागा मोकळी ठेवली आहे, तेथे पेटारा ठेवू देत नाही. तरी खालीलप्रमाणे विनंती करते :

वारेचा जो काही भाग शिल्लक असेल तो परत द्यावा. एक नळी दिली तरी चालेल. नखाएवढा तुकडा असला तरी चालेल. तो गंजलेला असला तरी चालेल, मातीला गंजाचे वावडे नाही.

ते शक्य नसल्यास, आपल्या तळमजल्यावरील त्या कपाटाचा पत्ता त्सेल्मेगच्या जन्मनोंदीत तिची वार ठेवलेली जागा म्हणून लिहून द्यावा, म्हणजे मी गेल्यावर कोणी विचारले तर तिला सांगता येईल. तसेच तिला वर्षातून एकदा तेथे येण्याची परवानगी असावी. दूध आम्ही आमचे आणू व फरशी पुसून जाऊ. नमुन्यांना हात लावणार नाही. कपाट उघडण्याचीही गरज नाही. फक्त कपाटासमोरच्या फरशीवर तिला एकदा लोळू द्यावे. ती लहान आहे, फार जागा लागणार नाही.

आपल्या खिडकीवर पुन्हा येणारी,
आपली नम्र,

(सही)
दा. यान्जमा
दिनांक : १४ एप्रिल २०१८

सोबत :
१. होंगोरझुलच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२. त्सेल्मेगच्या जन्मदाखल्याची प्रत. (त्सेल्मेग म्हणजे निरभ्र. नाव आईने आधीच ठरवून ठेवले होते.)
३. आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती, आपल्याकडे नसल्यास.
४. निळा खादग, एक, होंगोरझुलने आणलेला. वार मिळाल्यास तिच्याभोवती गुंडाळावा. न मिळाल्यास कपाटाच्या दाराला बांधावा.