बद्द वाजणारा दगड

ती. बाबांना,
दगडाच्या भुकटीने माखलेल्या हातांनी नमस्कार.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, जेवण पोटभर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

शिल्पाच्या वर्गात माती झाली, प्लास्टर झालं, आता दगड सुरू झालाय. मातीत चुकलं की तुम्ही म्हणायचात, "रडतेस काय, लाव परत." दगडाला परत लावता येत नाही.

प्रत्येकाला एकच दगड मिळालाय. त्यातून डोकं आणि खांदे नीट घडले, तरच पुढच्या वर्षाला घेणार. तुम्ही भट्टीतून काढलेलं मडकं वाजवून बघता ना, तसा मी सवयीने दगड वाजवला. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, घरात कुणी नाहीये, उद्या ये!" सगळे हसले. मीही हसले; पण जिथे डावा खांदा येणार, तिथे आवाज बद्द आला होता. म्हणजे आत चीर असणार.

सरांनी कान लावून ऐकलं. म्हणाले, "खरंय तुझं. पण दुसरा दगड नाही. चीर किती आत गेलीय, ते फोडल्यावरच कळेल."

तेव्हापासून मी उजव्या बाजूलाच नुसती खरवडत बसलेय. चेहरा छान उतरला आणि मग तडकला तर? बाबा, मला फार भीती वाटते.

उद्या सकाळी पहिला घाव डाव्या खांद्यावरच घालणार आहे. फुटायचाच असेल, तर चेहरा येण्याआधी फुटू दे.

आईला हे वाचून दाखवू नका. मी नीट झोपते, एवढंच सांगा.

तुमची,
धाकटी